बॉट चुकला तर भरपाई कोण देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन बिझनेसमधल्या नव्या टेक्नॉलॉजीवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. लेख छान आहे, पण त्यात सगळे धोके हॅकर लोकांच्या नावावर टाकून लेखक मोकळे झालेत ते पटलं नाही. हॅकर आहेतच हो. पण बऱ्याचदा चोरबिर कोणी आलेला नसतो, सिस्टीम सांगितल्याप्रमाणे व्यवस्थित चालू असते आणि तरी गिऱ्हाइकाचं नुकसान होतं, मग ते कोणी भरून द्यायचं यावर सगळे एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

आधी फायद्याचं सांगतो, नाहीतर म्हणाल हा सगळ्यालाच नावं ठेवतोय. एकट्याने धंदा करणाऱ्या माणसाला पूर्वी फोटो काढणारा वेगळा, जाहिरात लिहिणारा वेगळा, हिशोब बघणारा वेगळा, एवढी माणसं परवडायचीच नाहीत. आता वस्तूचं वर्णन पाच भाषांमध्ये मिनिटात तयार होतं, स्टॉक संपत आला की मेसेज येतो, रात्री दोन वाजता कोणी "माझी ऑर्डर कुठेय" विचारलं तर बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम, उत्तर देतो. हे खरंच मोठं काम झालंय.

पण तोच बॉट चुकीचं सांगतो तेव्हा काय? एअर कॅनडा या विमान कंपनीची केस बघा. घरात मृत्यू झाला म्हणून एक प्रवासी तिकीट काढत होता, वेबसाइटवरच्या चॅटबॉटने त्याला सांगितलं की आत्ता पूर्ण भाडं भरा, अशा वेळी मिळणाऱ्या सवलतीसाठी 90 दिवसांत अर्ज करा. त्याने तसं केलं, तर कंपनी म्हणे प्रवास झाल्यावर अशी सवलत देतच नाही, आणि आमच्याच साइटवर दुसऱ्या पानावर नियम दिलाय तो वाचायला हवा होता. प्रकरण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या ट्रिब्युनलपर्यंत (न्यायाधिकरणापर्यंत) गेलं आणि तिथे कंपनीचा पवित्रा असा होता की जणू चॅटबॉट म्हणजे कोणी वेगळीच व्यक्ती, तिच्या बोलण्याला आम्ही बांधील नाही! ट्रिब्युनलने फेब्रुवारी 2024 मध्ये हे फेटाळलं, साइट तुमची, बॉट तुमचा, पैसे द्या. रक्कम तशी किरकोळ होती, पण काउंटरवरच्या नोकराने चुकीचं सांगितलं असतं तर "तो आमचा नाही" म्हणायची हिंमत कोणी केली असती का?

किमती ठरवणाऱ्या प्रोग्रॅमचं तर हसावं की रडावं कळत नाही. 2011 मध्ये अ‍ॅमेझॉनवर माशी या कीटकाच्या जीवशास्त्रावरच्या एका जुन्या पुस्तकाची किंमत 2 कोटी 36 लाख डॉलरच्या वर गेली होती. एका विक्रेत्याचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या किमतीपेक्षा थोडं कमी लावायचा, दुसऱ्याचा पहिल्याच्या जवळपास 1.27 पट, दोघं एकमेकांकडे बघून भाव वाढवत राहिले आणि बरेच दिवस कोणाचं लक्षच नाही. हे आकडे मूर्खपणाचे होते म्हणून दिसले तरी. त्याच पद्धतीने भाव हळूच दहा-वीस टक्के चढला तर घेणाऱ्याला कळणार कसं?

आता हॅकरचं. 2018 मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटमध्ये फक्त 22 ओळींचा कोड घुसवून लोक टाइप करत असतानाच कार्डाचे डिटेल्स पळवले गेले. पेज तेच, पेमेंटही नीट व्हायचं, शंका यायला जागाच नाही. आणि आता तर डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले खोटे चेहरे आणि आवाज. 2024 च्या सुरुवातीला हाँगकाँगमधल्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर साहेब आणि सहकारी दिसले म्हणून जवळपास 20 कोटी हाँगकाँग डॉलर ट्रान्सफर केले, कॉलवरचे बाकीचे सगळे चेहरे खोटे. गंमत म्हणजे आधी आलेल्या ईमेलवर त्याला संशय आला होता, तो संशय चेहरे बघून गेला. यावर उपाय काही फार हायफाय नाही, मोठी रक्कम असेल तर कॉल ठेवायचा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन लावायचा.

मला जास्त काळजी छोट्या विक्रेत्यांची वाटते. त्यांचं दुकान दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर, गिऱ्हाइकांची यादी त्याच्याकडे, रेटिंग त्याच्याकडे. तिथल्या ऑटोमॅटिक सिस्टीमला काहीतरी संशयास्पद वाटलं की अकाउंट बंद, आणि अपील केलं की उत्तर पुन्हा मशीनचंच येतं, तेही तेच ते छापील वाक्य. युरोपियन युनियनच्या डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टमध्ये निदान एवढं तरी आहे की अशी कारवाई केली तर कारण द्यायचं आणि तक्रारीचा निकाल फक्त मशीनवर सोडायचा नाही. हे सगळीकडे का नसावं? मोठ्या प्लॅटफॉर्मना माणसं ठेवणं परवडत नाही असं कोणी सांगितलं तर माझा तरी विश्वास बसणार नाही.

तर पुढच्या पुरवणीत एआयने विक्री कशी वाढवायची याच्या टिप्स जरा कमी देऊन, अकाउंट बंद झालं तर पुरावे कुठले जपून ठेवायचे, बॉटशी झालेल्या बोलण्याचा स्क्रीनशॉट का काढायचा, ग्राहकाने दाद कुठे मागायची यावर कोणाकडून तरी लिहून घ्या. शक्यतो वकिलाकडून, सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडून नको.

आपला,
एक नियमित वाचक