लायपो चार्ज करताना एकूण व्होल्टेजवर विसंबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी लागली की रिमोटवरची विमानं, क्वाडकॉप्टर आणि गाड्या बनवण्याच्या कार्यशाळांच्या जाहिराती सुरू होतात. मुलं थर्माकोलचे पंख कापायला शिकतात, सर्व्हो, म्हणजे पंखांचे भाग हलवणारी छोटी मोटर, बसवायला शिकतात, थोडंफार उडवायलाही शिकतात. बॅटरी चार्ज करण्याचं काम मात्र बऱ्याच ठिकाणी शिकवणारेच उरकून टाकतात. मग कार्यशाळा संपते, मूल तीच बॅटरी आणि तोच चार्जर घेऊन घरी येतं, आणि या छंदातलं सगळ्यात जोखमीचं काम घरात ज्याला त्याची काहीच माहिती नाही त्याच्या हाती पडतं. त्यासाठी हे पत्र.

या मॉडेलमध्ये असते ती लिथियम पॉलिमर, म्हणजे सगळे जिला लायपो म्हणतात ती बॅटरी. मोबाइलमधली बॅटरीही याच कुळातली, पण तिला स्वतःचं संरक्षक सर्किट असतं. चार्जिंग मर्यादेपलीकडे गेलं किंवा बॅटरी फारच उतरली तर ते सर्किट पुरवठा तोडतं. विमानाच्या लायपोत असं काही नसतं. मोटर एका दमात ३०-४० अँपिअर ओढते, वजनही राखायचं असतं, म्हणून फक्त सेल, वायरी आणि वर प्लॅस्टिकचं आवरण एवढाच पॅक असतो. राखण सगळी चार्जरने आणि चार्ज करणाऱ्याने करायची.

नवशिक्यांच्या विमानात सर्रास दिसणारा थ्री-एस, २२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे क्षमतेचं माप) असा पॅक घेऊ. आत तीन सेल एकापुढे एक जोडलेले. प्रत्येक सेल ३.७ व्होल्टचा, म्हणून पॅकवर ११.१ छापलेलं असतं. पूर्ण भरलेला सेल ४.२० व्होल्टवर थांबलाच पाहिजे, म्हणजे पॅक १२.६ वर. पॅकमधून दोन प्रकारच्या वायरी बाहेर येतात. जाड काळी-लाल जोडी मोटरसाठी, तिला बहुधा पिवळा एक्सटी-६० कनेक्टर असतो. दुसरा पांढरा, चार बारीक वायरींचा छोटा बॅलन्स कनेक्टर. हा पांढरा कनेक्टर लावायचा राहून जातो, किंवा 'जाड वायरीवरही चार्ज होतं की' म्हणून मुद्दाम सोडला जातो. पुष्कळशा आगींचं मूळ इथे आहे.

बॅलन्स कनेक्टर नसेल तर चार्जरला फक्त एकूण व्होल्टेज कळतं. समजा वापरून वापरून तीन सेलपैकी एक थकला आहे, त्याची क्षमता कमी झाली आहे. तो लवकर भरतो आणि बाकीचे दोन मागे राहतात. एक सेल ४.३६ वर आणि दोन ४.१२ वर असले तरी बेरीज १२.६० च येते. चार्जरच्या लेखी सगळं सुरळीत. प्रत्यक्षात तो एक सेल जादा चार्ज झालेला असतो, आत इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊन वायू तयार होतो आणि पॅक फुगू लागतो. पुढच्या प्रत्येक चार्जिंगला तोच सेल आणखी पुढे ढकलला जातो. पांढरा कनेक्टर लावला की चार्जर तिन्ही सेल वेगवेगळे मोजतो, जो पुढे गेला त्याच्यातला थोडा करंट रेझिस्टरमधून जिरवतो आणि बाकीच्यांना बरोबरीला येऊ देतो. म्हणून बॅलन्स कनेक्टरशिवाय लायपो चार्ज करायचीच नाही, घाई असली तरीही नाही.

बाजारात सर्वाधिक दिसणारा चार्जर म्हणजे चार बटणांचा, निळ्या पडद्याचा बी-६ आणि त्याच्या असंख्य नकला. त्यावरचा क्रम असा. आधी चार्जिंग वायरीचे दोन केळीच्या आकाराचे प्लग चार्जरमध्ये बसवायचे आणि मगच बॅटरीचा एक्सटी-६० जोडायचा. उलट केलं तर बॅटरीला जोडलेल्या वायरीचे ते दोन उघडे प्लग टेबलावर लोळत असतात. ते एकमेकांना टेकले की क्षणात शंभरावर अँपिअर वाहतात, प्लग वितळतात आणि पॅक आतून दुखावतो. जाड वायर जोडून झाली की पांढरा कनेक्टर लावा. मेनूमध्ये लायपोचा बॅलन्स हा प्रकार निवडा, करंट २.२ अँपिअर ठेवा, सेल ११.१ म्हणजे थ्री-एस ठेवा. मग स्टार्टचं बटण तीनेक सेकंद दाबून धरा. पडद्यावर 'आर' आणि 'एस' अशी दोन अक्षरं आणि त्यांच्यापुढे आकडे येतात. आरपुढे चार्जरला सापडलेले सेल, एसपुढे तुम्ही सांगितलेले सेल. दोन्हीकडे ३ असेल तरच एंटर दाबा. फरक दिसला तर थांबा, कनेक्टर नीट बसला आहे का बघा. हे दोन आकडे न वाचता एंटर दाबायची सवय लागते, ती लागू देऊ नका.

करंट २.२ का, तर लायपोला सुरक्षित वेग १ सी, म्हणजे क्षमतेइतका. २२०० एमएएचला २.२ अँपिअर, १००० ला १, ४५० च्या चिमुकल्या पॅकला ०.४५. या हिशेबाने साधारण तास-सव्वातासात पॅक भरतो. इथे एक गफलत फार होते. पॅकवर मोठ्या अक्षरांत २५ सी किंवा ४० सी छापलेलं असतं. तो आकडा बॅटरी उतरवण्याचा आहे, भरण्याचा नाही. भरण्याची मर्यादा मागे बारीक अक्षरांत दिलेली असते आणि ती २ किंवा ५ सी असली तरी घरी १ सीच बरा. घाईने भरलेला पॅक जास्त तापतो आणि लवकर म्हातारा होतो.

चार्जरला बॅटरीचा प्रकार चुकीचा सांगितला तर फार वाईट होतं. निकेल मेटल हायड्राइड बॅटरी भरली की तिचं व्होल्टेज किंचित खाली येतं आणि त्या उतारावरून चार्जर थांबतो. लायपोचं व्होल्टेज असं उतरत नाही, ते चढतच जातं. निकेलच्या मेनूवर लावलेल्या लायपोत चार्जर त्या उताराची वाट पाहत करंट ढकलत राहतो, शेवटी पॅक पेटतो. लाइफ (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीचा सेल ३.६ व्होल्टला भरतो, त्याला लायपो समजून ४.२ पर्यंत नेलं तर तोही जातो. एचव्ही (हाय व्होल्टेज) मेनू ४.३५ पर्यंत नेतो, तो फक्त तसं छापलेल्या पॅकसाठी. चार्जरमध्ये सुरक्षा म्हणून वेळेची आणि क्षमतेची मर्यादाही लावता येते. २२०० च्या पॅकला २५०० एमएएच आणि १२० मिनिटं ठेवा. कारखान्यातून येणारी क्षमतेची मर्यादा बहुधा खूप वर असते, लहान पॅकला तिचा उपयोग नसतो.

यूट्यूबवर एक उपाय फिरतो, त्याचा इथे स्पष्ट निषेध करायला हवा. बॅटरी विमानात जोडलेलीच राहिली, सेल ३ व्होल्टच्या खूप खाली गेले, की लायपोच्या मेनूवर चार्जर व्होल्टेज कमी असल्याचं सांगून नकार देतो. मग निकेलच्या मेनूवर दोन मिनिटं 'ढकलून' व्होल्टेज वर आणायचं आणि पुन्हा लायपोवर यायचं, असा तो उपाय. चार्जर नकार देतो त्याला कारण आहे. सेल फारच उतरला की त्याच्या आतली तांब्याची पातळ पट्टी विरघळू लागते. पुन्हा चार्ज करताना ते तांबं भलत्या जागी साचतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. असा पॅक वरून ठीक दिसतो आणि चार-पाच चार्जिंगनंतर पेटतो. एक ते दीड हजार रुपयांच्या पॅकसाठी घर पणाला लावू नका. खोल उतरू नये म्हणून थोड्या पैशांत मिळणारा बॅलन्स कनेक्टरवर लावायचा भोंगा विमानात ठेवा आणि तो सेलमागे ३.५ व्होल्टवर लावा.

एकाच चार्जरवर दोन-तीन पॅक समांतर जोडायची पाटीही मिळते. एक पॅक भरलेला, १२.६ व्होल्टचा आणि दुसरा ११.१ चा असेल तर फरक दीड व्होल्टचा. दोन्ही पॅक आणि वायरी मिळून अंतर्गत रोध ३० मिलिओहम धरला, तर जोडताक्षणी एका पॅकमधून दुसऱ्यात ५० अँपिअर धावतात, चार्जर चालू नसतानासुद्धा. पांढऱ्या कनेक्टरच्या बारीक वायरी एवढ्याला टिकत नाहीत. नवशिक्यांनी ही पाटी घेऊच नये.

आता जागा. छोट्या फ्लॅटमध्ये चार्जिंग गादीवर, सोफ्यावर किंवा मुख्य दाराजवळच्या प्लगवर होतं. दाराजवळची जागा सगळ्यात वाईट, कारण पेटलं तर बाहेर पडायची वाटच अडते. सावलीतली बाल्कनी किंवा फरशी, वर पडदे-कपडे नाहीत, अशी जागा हवी. खाली कडप्पा किंवा दोन विटा, आणि पॅक मातीच्या रिकाम्या कुंडीत. कुंडीच्या तळाशी कोरडी वाळू, वायरी वरून बाहेर. काचतंतूच्या पिशव्या मिळतात, त्या ठिणग्या अडवतात, पण पिशवी आहे म्हणून पॅक गादीवर ठेवणं चूकच. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा तर मुळीच नको. आत वायू कोंडला की डबा फुटतो. आणि पॅक चार्जिंगला लावून झोपायचं नाही, बाहेर जायचं नाही. दर दहा मिनिटांनी उजव्या बाणाचं बटण दाबून तिन्ही सेलचे आकडे बघा आणि पॅकला हात लावा. कोमट झाला तरी चार्जिंग थांबवा, १ सीवर चांगला पॅक तापत नाही.

आपल्याकडच्या मे महिन्याचाही विचार करायला हवा. लायपो ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. विदर्भात दुपारी सावलीतच पारा तिथे पोचतो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी वर जातो. चार्जिंग सकाळी करा. उडवून आणलेला गरम पॅक आधी पूर्ण गार होऊ द्या. भारनियमनाच्या भागात वीज गेली तर पॅक चार्जरवरून काढून ठेवा. वीज आल्यावर चार्जर बहुधा मेनूवर जाऊन थांबतो, चार्जिंग पुढे चालू होत नाही, आणि बंद चार्जरला जोडलेला पॅक हळूहळू उतरू शकतो.

भरलेला पॅक दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त तसाच ठेवू नये. पाऊस लागला, उडवणं बंद झालं, की स्टोरेजच्या मेनूवर सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवा. चार महिने ४.२० वर पडून राहिलेले पॅक गणपतीनंतर फुगलेले सापडतात. फुगलेला पॅक टोचून हवा काढायची नाही, चार्जही करायचा नाही. विमान आपटलं असेल तर पॅक काढून अर्धा तास उघड्यावर, मोकळ्या जमिनीवर ठेवून बघा. आतला पडदा फाटलेला सेल काही मिनिटांनीही धुमसायला लागतो.

पेटलाच तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा. पॅक हातात घेऊ नका. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असतो, म्हणून मुलांना लगेच बाहेर काढा आणि खिडक्या उघडा. लिथियम म्हणून पाणी चालत नाही, हा गैरसमज आहे. या सेलमध्ये शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवतात तसा शुद्ध धातू नसतो. वीज बंद झाल्यावर लांबून भरपूर पाणी ओतलं तर शेजारचे सेल गार होतात आणि पेट पसरत नाही. वाळूने ज्वाळा दबतात, पण पॅक थंड होत नाही, म्हणून विझल्यासारखा दिसला तरी तो घरात आणू नका. आटोक्यात नसेल तर वाट न पाहता १०१ ला फोन.

निकामी पॅक कचऱ्याच्या डब्यात टाकणं २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत बसत नाही, आणि घंटागाडीत दाबला गेलेला पॅक तिथेही पेटतो. फुगलेला नसेल तर १२ व्होल्टचा, २१ वॅटचा गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब जोडून उघड्यावर पूर्ण विझेपर्यंत उतरवा, टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा किंवा जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. फुगलेला किंवा आपटलेला पॅक उतरवायच्या भानगडीत न पडता वाळूच्या कुंडीत ठेवून तिथल्या लोकांना आधी कळवा.

कार्यशाळा घेणाऱ्यांना आणि विक्रेत्यांना विनंती आहे. विमान मुलाच्या हाती देण्याआधी पालकांना बोलावून एक पूर्ण चार्जिंग त्यांच्याच हातून करून घ्या, पडद्यावरचे 'आर' आणि 'एस' त्यांना वाचायला लावा. विक्रेत्यांनी पॅकसोबत मराठीतला एक कागद द्यावा. त्यावर सेलमागे ४.२० ची मर्यादा, १ सीचा हिशेब आणि पांढरा कनेक्टर एवढं तरी असावं. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या ड्रोन आणि एअरक्राफ्ट स्पर्धांचे संघ वसतिगृहाच्या खोल्यांमध्ये रात्री पॅक लावून झोपतात. त्यांच्यासाठी कॉलेजने कार्यशाळेच्या शेडमध्ये चार्जिंगची एक जागा नेमून द्यावी, किल्ली एकाकडे असावी आणि कोणता पॅक कधी लावला याची वही ठेवावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एरोमॉडेलिंग शिकवणारा एक वाचक, पुणे