मॅडम, तुम्ही भिंतीवरची फ्रेम काढून हातात दिलीत

मॅडम, नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलो की माझा घसा दाटतो आणि मी उगाच पावसापाण्याचं बोलून जिना उतरतो. म्हणून हे लिहितोय. तुमचं नाव घालत नाही. पोराला विचारलंय, त्यानं एकाच अटीवर होकार दिला: "पप्पा, मला बिचारा करू नका."

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीन लेथ चालवणारा माणूस. पंचवीस वर्षं शिरोलीच्या कंपन्यांना पार्ट देतोय. आमच्याकडं साध्या मायक्रोमीटरलासुद्धा दरवर्षी कॅलिब्रेशनचा, म्हणजे तो माप बरोबर दाखवतो याचा, दाखला लागतो. ऑडिटला आलेलं कालचं पोरगं आधी तोच बघतं. दाखला नसला तर माप कितीही बरोबर असू दे, जॉब, म्हणजे केलेला पार्ट, परत. आणि असा मी, स्वतःचं पोरगं एकाच्या हवाली करताना 'साहेब, आपलं शिक्षण काय' एवढंही विचारलं नाही.

त्या गृहस्थांचं नाव घेत नाही. बोर्डावर नावाआधी 'डॉ.', आत एसी, पुढाऱ्यांबरोबरचे फोटो. दहा बैठकांचे पैसे आधीच घेतले. पोरगं तेव्हा दिवसाला चाळीस चाळीस वेळा हात धुत होतं, साबणाची वडी दोन दिवसांत संपायची, बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. आमची आई म्हणायची, मंत्रचळ लागलाय. आईचं बरोबर निघालं, ओसीडी या आजाराला मराठीत मंत्रचळच म्हणतात. त्या गृहस्थांचं निदान मात्र 'अतिलाड'! पोराच्या तोंडावर सांगितलं. उपाय काय, तर बाथरूमला कुलूप लावा. मी लावलं, मॅडम. त्या रात्री पोरगं गाडी धुवायच्या नळाखाली पहाटे तीनपर्यंत बसलं होतं, ऐन जानेवारीत. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत, नुसतं वहीत लिहून घेतलंत.

तुमच्याकडं पहिल्यांदा आलो तेव्हा मी सवयीनं 'डॉक्टर' म्हणालो. तुम्ही तिथंच थांबवलंत. "मी डॉक्टर नाही, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. गोळ्या लिहून देत नाही. लागल्या तर सायकियाट्रिस्टकडं पाठवीन." मग उठलात, भिंतीवरची फ्रेम खिळ्यावरून काढलीत, ओढणीनं काच पुसलीत आणि माझ्या हातात दिलीत. "हा माझा आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नंबर. मोबाइलवर त्यांचं रजिस्टर उघडा, नाव जुळतंय का बघा. मग मुलाचं सांगा."

भिंतीवर फ्रेमच्या जागी फिक्का चौकोन उमटला होता. मला नेट लागेना, तर तुम्ही तुमचं वायफाय जोडून दिलंत. पाच-सात मिनिटं गेली त्यात, पण तुम्ही घड्याळाकडं एकदाही बघितलं नाहीत. मी कामावरून तसाच आलेलो, अंगाला ऑइलचा वास. त्या वासापायी सहा महिने माझ्यापासून दोन हात लांब राहणारं पोरगं नंबर वाचायला वाकलं आणि माझ्या खांद्याला टेकलं. त्याच्या ध्यानात आलं नाही. तुमच्या आलं. तुम्ही काही बोलला नाहीत, पण मी बघितलं.

बाकी सगळं त्या एका टेकण्यावर उभं राहिलं, असं मला वाटतं. नाहीतर परत कुणाच्या खुर्चीत बसायला तो तयारच नव्हता.

घरी येऊन मी वाचत बसलो. एम.ए.नंतर तुम्ही आणखी दोन वर्षांचं एम.फिल. केलंत, तेही हॉस्पिटलात पेशंटबरोबर काम करून, मग पुनर्वास परिषदेच्या रजिस्टरमध्ये नाव. 1992च्या कायद्यात हेही आहे, की रजिस्टरमध्ये नाव नसताना हे काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! तेवढ्यात बरा मायक्रोमीटरसुद्धा येत नाही, मॅडम.

गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस समोर पिळून दुधाचा ग्लास हातात देतात. पाणी घातलंय का, हे विचारायची पाळीच येत नाही. आपल्या गावाची ही रीत मी लहानपणापासून बघतोय, तिथं उभं राहून ग्लासवर ग्लास प्यालोय. पण दवाखान्याची पायरी चढलं की आपण हात जोडतो आणि तोंड बंद ठेवतो. 'आधी मला तपासा' असं स्वतःहून म्हणणारं माणूस मला पन्नाशीत पहिल्यांदा भेटलं.

पुढचे महिने सोपे नव्हते. घाणीला हात लावायचा आणि धुवायचा नाही, हा उपचार ऐकून आमची ही रडली होती. आम्हालाही तुम्ही धडा दिलात: "हे स्वच्छ आहे ना?" असं त्यानं विचारलं की 'हो' म्हणायचं नाही. त्याच्याकडून हात आवरला गेला, त्याहून आम्हाला तोंड आवरायला जास्त दिवस लागले. आजाराचा जोर किती, याच्या पहिल्या मोजणीत 40 पैकी 31 आले होते, गेल्या महिन्यात 13. मापाच्या माणसाला माप दिलंत, बरं वाटलं.

परवा शनिवारी तो वर्कशॉपवर आला. जॉब आवळायची चावी, चक-की, उचलली, जॉब सोडवला, काळे झालेले हात नुसते कॉटन वेस्टच्या बोळ्याला पुसले आणि त्याच हातानं चहाचा कप धरला. मी लेथमागून घड्याळ बघत होतो. पंचेचाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली, नळाकडं गेला नाही.

"पप्पा," तो मान वर न करता म्हणाला, "मोजू नका. मॅडमनी सांगितलंय ना तुम्हाला."

तुमचा,
उद्यमनगरातला एक बाप