निळ्या पँटच्या खिशातला कागद

सोनू,

फोनवर "ठीक आहे" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. रागवायला नाही. दिवाळीत तू निळी पँट इथेच विसरलास, ती मी खिसे न बघताच भिजवली आणि त्यातून तुझा आयआयटीतल्या क्विझचा पेपर निघाला. नुसता लगदा. पोळपाटावर पसरून फॅनखाली वाळवला, तुझी शाई सगळी गेली, लाल पेनाचा आकडा मात्र राहिला. 30 पैकी 7.

मी चकल्या तळत होते, तू शेजारी स्टुलावर बसून गरम गरम खात होतास, तेव्हा पण बोलला नाहीस. सातचं काही नाही रे, न सांगितल्याचं वाटतंय.

रात्री झोपतोस ना?

रिलेटिव्ह ग्रेडिंग तूच समजावलं होतंस, आपल्याला किती पडले यापेक्षा वर्गाला किती पडले ते बघतात. तेव्हा मला बरं वाटलं, म्हटलं अवघड गेला तर सगळ्यांनाच जाईल. आता डोक्यात शिरलं, तिथला वर्ग म्हणजे सगळी आपापल्या शाळेत पहिली आलेली पोरं, आणि त्यांच्यातलं पण कुणीतरी खाली जाणारच, कितीही जागरण करा. जेईई ॲडव्हान्स्डच्या परीक्षेला 1 लाख 80 हजार बसले, आयआयटीच्या सीटा 18 हजार, त्यात आमचा सोनू, हे मीच भाजीवाल्याला पण सांगत होते. काकाने चौकात लावलेला तुझा फ्लेक्स आता सोयाबीनच्या पोत्यांवर टाकलाय, परवा पाऊस आला तर पप्पांनी तेवढा फोटो पुसून घेतला. मला म्हणाले बघू नको इकडे.

लातूरच्या खोलीतलं आठवतं का, ट्यूशन एरियातली, जिन्याखालची? रोटेशनल मोशनची गणितं करता करता तू पेन तोंडात धरून झोपायचास, उठलास की ओठ निळे. मी हसून फोटो काढला आणि पप्पांना पाठवला, बघा किती अभ्यास करतोय म्हणून. काल तो फोटो काढून बघितला तर हसू नाही आलं. सोळा वर्षांचं पोरगं बसल्या बसल्या झोपलंय आणि आई फोटो काढतेय.

असो. नाश्ता चुकवू नको, एक वाजेपर्यंत तरी पाठ टेक, नाही समजलं तर टीएला, त्या सरांच्या मदतीला असलेल्या मोठ्या मुलाला, विचार, विचारायला लाज कसली, सिनियरकडे जुने पेपर असतात ते माग, आणि बॅकलॉग लागला तरी लागला, पुढे निघतो, पण मोबाईल उशाशी... बघ, सुरू झाले मी. सॉरी. तुला तिथे लेक्चरं काय कमी आहेत.

मार्च 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांवर टास्क फोर्स नेमला, ते पेपरचं पान पप्पांनी दुमडून गादीखाली ठेवलं होतं, मला दिसू नये म्हणून. गादी मीच झटकते. त्यांना अजून बोलले नाहीये.

टेलिमानस म्हणून सरकारचा नंबर आहे, 14416, फुकट आहे, रात्री पण लागतो. तुला देण्याआधी म्हटलं आपणच लावून बघू. मराठीत बोलल्या त्या बाई. काय त्रास होतोय विचारलं, मी म्हटलं मला काही नाही हो, मुलाचं विचारतेय, आणि पुढची वीस मिनिटं मीच रडत होते. त्यांनी ऐकून घेतलं. सेव्ह करून ठेव, माझ्यासाठी.

आणि मला पण लाव, कितीही वाजता. पप्पा घोरतात, मी तशी पण जागीच असते. झोप येत नसली तर नुसतं लाव, बोलू नको.

पार्सल उद्या टाकते. चिवडा वेगळा बांधलाय, रूममेटला पण दे. निळी पँट इस्त्री करून घातलीय. कागद माझ्या कपाटात आहे, तुला हवा असला तर सांग, पाठवते.

आई

(झोपतोस का ते लिही. "ठीक" लिहू नको.)