जुन्या होडीवर फायबरचा लेप नको

संपादक महाशय,

सागवानी होडी कुजली की वरून फायबरचा लेप मारून मोकळे होणारे बरेच आहेत. ओल आत कोंडते, कूज वाढतच राहते. कूज म्हणजे बुरशी, तिला खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी मानवते. म्हणून आधी हे पाणी मुरते ते डेकखालचे कोपरे आरीने टोचून पाहावेत. आरी अलगद शिरते तिथून पुढे वीतभर चांगले लाकूडही कापावे (जिवावर येते खरे!), कारण बुरशीचे तंतू दिसत नाहीत. ओलावा २० टक्क्यांखाली आल्यावरच नवी फळी. सांधा तिरका हवा: २५ मिमी जाडीला किमान २०० मिमी लांब. खिळे तांब्याचे, लोखंड गंजून भोवतालचे लाकूड खाते. फटीत कापूस ठासताना हात राखावा, फळ्या पाण्यात फुगतात.

– एक वाचक, मालवण