एका अंडरस्कोअरपायी दोन पैठण्या

संपादक महोदय,

ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका असं तुमच्या पेपरात रोज येतं, चांगलंच आहे, पण डेटाबेस सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घोळांवर कोणी लिहित नाही म्हणून मीच लिहितोय.

मी एका साड्यांच्या होलसेल दुकानाचं स्टॉकचं सॉफ्टवेअर बघतो. जुन्या मालाचे कोड 'पी_१४', 'पी_१५' असे (असतात इंग्रजीत). मालक म्हणाले जुन्यावर तीस टक्के सूट लाव, मी लाइक 'पी_१%' (लाइक म्हणजे नमुन्याशी जुळणारं शोधायची आज्ञा) टाकून मोकळा. आता एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेत, % म्हणजे कितीही अक्षरं आणि _ (अंडरस्कोअर) म्हणजे कुठलंही एक अक्षर, हे मला काय माहीत नव्हतं होय, पण घाईत लक्षातच आलं नाही आणि 'पी२१७' ही नवीकोरी पैठणीपण सवलतीत गेली. दोन विकल्यावर कळलं.

लिहायला हवं होतं लाइक 'पी!_१%' एस्केप '!', म्हणजे ! च्या पुढचा अंडरस्कोअर साधा धरला जातो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या डेटाबेसना ! च्या जागी बॅकस्लॅश (\) न सांगता कळतो, ओरॅकल आणि एसक्यूलाइटला कुठलं चिन्ह ते सांगावंच लागतं. त्यात मायएसक्यूएलमध्ये एक खरा बॅकस्लॅश शोधायला चार लिहायचे, कारण अर्धे स्ट्रिंग (कोटातला मजकूर) वाचतानाच जातात आणि उरलेल्यातले अर्धे लाइक खातं! म्हणून मी आपला ! वापरतो.

मला खरा राग आहे तो "पॅरामीटर वापरला की झालं" म्हणणाऱ्यांचा (पॅरामीटर म्हणजे बाहेरून आलेला मजकूर आज्ञेत न मिसळता वेगळा पाठवणं). त्याने इंजेक्शन, म्हणजे मजकुरातून कोणी आपली आज्ञा घुसवणं, थांबतं हो, पण सर्चच्या चौकटीत कोणी नुसतं % टाकलं तर ते तसंच लाइकपर्यंत पोचतं, आमच्याकडे टाकून बघितलं तर सगळ्या गिऱ्हाइकांची नावं मोबाइल नंबरासकट समोर. ते आलेलं अक्षर आपल्यालाच एस्केप करावं लागतं, आणि तेही आधी ! चे दोन करून मग % आणि _ ला हात लावायचा, उलटं केलं की आपणच लावलेले ! डबल होतात न् सगळं मुसळ केरात. क्लासमध्ये इंजेक्शनवाल्या सिंगल कोटवर (') तासभर बोलतात, यावर दोन मिनिटं नाहीत.

सर्च मी दुरुस्त केलंय. पण मालकांनी आता फर्मान काढलंय की कोडमधून अंडरस्कोअरच हद्दपार कर, म्हणजे गोडाउनमधल्या जुन्या मालाची सगळी लेबलं परत छापणं आलं, आणि प्रिंटर तर दिवाळीपासून रुसलाय.

– एक वाचक, सोलापूर