आशाताई, तुम्ही त्या दिवशी आत्यासमोर बोलल्या म्हणून

आशाताई,

तोंडावर आभार मानायला गेली की मला रडू येते, न तुम्ही म्हणता "चाल पोरी, चहा मांड", मग राहूनच जाते. म्हणून इथं लिहून टाकते. तुमचा मोबाईल अर्धा वेळ त्या सर्व्हेतच अडकलेला असतो, जमेल तेव्हा वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तुम्ही आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या, आमचं गाव आर्णी तालुक्यात, घरी पऱ्हाटी न तूर, आणि माझी सासू माझी सख्खी आत्या आहे. आमच्यात मामाची पोरगी करतात, माझी आई पण बाबांच्या मामाचीच पोरगी. लग्नात सगळे म्हणे आत्याच सासू म्हणजे माहेरातून माहेरात. दोन वर्षं होतंही तसंच. मग दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत खाली झालं, त्यानंतर पाळी तीन-तीन महिने यायचीच नाही, आणि आत्याची मी हळूहळू भाची राहिलीच नाही, नुसती सून झाली. शेजारच्या ओटीभरणाला मला स्वयंपाकघरात बसवलं होतं, "तू पुऱ्या लाट" म्हणून. त्या पुऱ्या मी अजून विसरली नाही.

हनुवटीवरचे राठ केस तर पंधराव्या वर्षापासून. दार लावून दोऱ्यानं काढायची. एका दवाखान्यात म्हणाले पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा त्रास आहे, वजन कमी करा. ताई, मी 46 किलोची, दिवसभर उन्हात कापूस वेचणारी, वजन कुठून काढू? तरी सहा महिने रात्रीची भाकर सोडली होती मी. माहूरच्या रेणुकेला नवस झाला, कळंबच्या चिंतामणीला झाला, एका बाबाची पुडी पण खाल्ली, ते तुम्हाला आजपर्यंत सांगितलं नव्हतं.

तुम्ही आल्या होत्या शेजारच्या लेकराच्या लसीची आठवण द्यायला. माझ्याकडं पाहिलं न नुसतं विचारलं, घरात अजून कोणाला असे केस, असा पाळीचा त्रास आहे का? मी म्हटलं मोठ्या आत्याला होता, तिला लेकरूच नाही झालं. तुम्ही रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. पुढं म्हणाल्या, लहानपणी कोणाचं लेकरू गेलं का? तेव्हा मला काकाचं पहिलं पोट्टं आठवलं, वीस दिवसांचं असताना उलट्या होऊन होऊन सुकून गेलं होतं, सगळे म्हणे बाहेरचं लागलं. ते माझ्याच आजारातलं होतं का ते आता कोणीच सांगू शकत नाही, तेव्हा कोणी तपासलंच नाही. पण तुम्ही ते पान आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमला दाखवलं आणि त्यांनी नागपूरच्या हार्मोनच्या डॉक्टरची चिठ्ठी दिली.

त्यांनी सांगितलेल्या रक्ताच्या तपासणीचं नाव मी आता पाठ केलं आहे, 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. पाळीच्या पहिल्या चार-पाच दिवसांतच द्यायचं, तेही सकाळी आठच्या आत. म्हणजे पाळी कधी येईल त्याचा पत्ता नाही आणि आली की दुसऱ्याच दिवशी पळायचं. रात्री आठला मेसेज केला "ताई आली", न पहाटे पाचला तुम्ही एसटी स्टँडवर, स्वतःच्या घरचा स्वयंपाक टाकून. यवतमाळला रक्त दिलं तेव्हा माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त थंडीनं कुडकुडत होत्या. रिपोर्ट वाढलेला आला, मग नागपूरला इंजेक्शन देऊन एका तासानं परत रक्त घेतलं, तेव्हा पक्कं झालं. सीएएच, म्हणजे कंजेनायटल ॲड्रीनल हायपरप्लाझिया, त्यातला सौम्य, उशिरा दिसणारा प्रकार. वरून अगदी पीसीओडीसारखंच दिसते.

खरं सांगू का, गोळ्या डॉक्टरनं दिल्या, पण मला जगवलं ते घरी आल्यावर तुम्ही जे बोलल्या त्यानं. आत्या ओसरीवर तूर निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "हिच्यातच खोट निघाली ना शेवटी." तुम्ही चप्पल काढून खाली बसल्या, तिच्याच सुपात हात घातला, न वावरातल्या दांडासारखं समजावलं. मूत्रपिंडाच्या वर दोन लहान ग्रंथी असतात, तिथं एक एन्झाइम कमी पडते, म्हणजे एका दांडाचं दार अर्धं बंद, मग तिकडं जायचं पाणी तुंबते न दुसऱ्या दांडात फुटते, पुरुषी हार्मोन वाढते, म्हणून केस, म्हणून पाळी अडते. आणि मग म्हणाल्या, "काकू, हे आईकडून एक न बापाकडून एक असं दोन्हीकडून यावं लागते. हिचा बाप तुमचा सख्खा भाऊ हाय. हे सून घेऊन नाही आली, हे तुमच्याच माहेरचं हाय."

आत्याचा हात सुपातच थांबला. त्या रात्री तिनं मला जेवायला वाढलं. काही बोलली नाही, नुसतं वाढलं.

ह्यांची जीनची तपासणी करायला तीच नको म्हणत होती, पोराच्या रक्तात कशाला हात घालता म्हणून. पण मामाची पोरगी केलेली, त्यांच्यातही तोच दोष असता तर दर लेकरामागं निम्मी भीती होती, आणि कोणतं लेकरू, कदाचित काकाच्या पोट्ट्यासारखं, जोराच्या प्रकारात जाईल ते काय माहीत. दीड क्विंटल कापसाचे पैसे गेले त्या तपासणीत. ह्यांच्यात निघालं नाही. डॉक्टर म्हणाले लेकरू झालं तर ते फक्त वाहक राहील, म्हणजे दोष अंगात राहील पण त्याला आजार होणार नाही. आत्यानं मला हळूच विचारलं, मग माझ्यात नसेल का? मी म्हटलं असेलही आत्या, ह्यांच्यात उतरलं नाही एवढंच. ती हसली, लय दिवसांनी.

आता हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे. दिवस गेले तरी हीच गोळी चालते म्हणाले, डेक्सामेथासोन मात्र नाही, ती वारेतून लेकरापर्यंत जाते. मनानं बंद करायची नाही, ताप आला तर आधी फोन करायचा, हे तुम्ही आमच्या फ्रीजवर खडूनं लिहून ठेवलं आहे न ते पुसायची कोणाची हिंमत नाही. आठ महिने झाले, पाळी तीस-बत्तीस दिवसांनी येते.

ताई, बाळंतपण, लस, सगळ्यांचे तुम्हाला कामाप्रमाणं थोडेफार पैसे मिळतात. माझ्यासारख्या बाईसाठी तुमच्या रजिस्टरमध्ये रकानाच नाही. एसटीचं तिकीट पण तुम्ही घेऊ दिलं नाही. तेवढं एक मला खुपते.

मागच्या महिन्यात चार दिवस वर गेले तेव्हा मी काही न सांगताच तुम्ही दिवस गेले का ते पाहायच्या निश्चय किटच्या दोन पुड्या पिशवीत टाकून गेल्या. एकीत एकच रेघ आली, म्हणजे नाही. मी रडली, आत्या पण रडली, न मग आम्ही दोघी वावरात गेलो, वेचणी पडून होती. दुसरी किट तांदळाच्या डब्यात ठेवली आहे. तुरी भरत आल्या आहेत, या रविवारी सोलेभात करते, आत्यानंच बोलवायला सांगितलं. आणि येताना अजून एक पुडी आणाल का, असू द्या घरात.

तुमची,
आर्णीकडची पोरगी