हॅम हवेत, पण त्यांच्या लहरींचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तयारीच्या बातमीत आपण हॅम रेडिओचा, म्हणजे परवानाधारक हौशी लोकांच्या बिनतारी संचांचा, एका ओळीत उल्लेख केलात, आभारी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हापासून 'अडीअडचणीला हॅमवाले आहेतच' असे बरेच जण म्हणतात. पण आम्ही कोणत्या लहरींवर बोलायचे, हे ठरते आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या परिषदांत. दिल्लीचे नियम त्याच चौकटीत बसवावे लागतात.

त्यात दरवेळी आमचे नुकसानच होते असे नाही. पूर्वी रात्री ७१०० किलोहर्ट्झच्या वर काटा नेला की परदेशी रेडिओ केंद्रांची गाणी आणि भाषणे कानावर आदळायची. २००३ च्या परिषदेने त्या केंद्रांना आपल्या भागात ७२०० पर्यंतचा पट्टा सोडायला लावला. मुदत होती २९ मार्च २००९. आता तिथे गच्चीवरच्या साध्या तारेवर लांबच्या गप्पा होतात. (शेजारच्या काकूंना अजून वाटते, त्यांची मालिका आमच्या तारेमुळे अडते. खरे तर त्यांच्या एलईडी दिव्यांची खरखर आम्ही सोसतो!)

१२४० ते १३०० मेगाहर्ट्झची गोष्ट उलटी. तिथे आम्ही दुय्यम, म्हणजे ओसरीवरचे पाहुणे. घरच्यांना, म्हणजे पट्ट्याच्या मुख्य वापरकर्त्यांना, त्रास द्यायचा नाही आणि त्यांचा झाला तर कुरकुर करायची नाही. युरोपच्या गॅलिलिओ या दिशादर्शक उपग्रहांचा एक संदेश याच पट्ट्यात, १२७८.७५ वर येतो. २०२३ मध्ये दुबईच्या परिषदेने आम्हाला ओसरीवरून हाकलले नाही, पण कसे बसायचे याची मार्गदर्शक तत्त्वे आली. झळ बसते ती हौशी टीव्हीवाल्यांना, म्हणजे लहरींवरून चित्रे पाठवणाऱ्या हॅमना. बोलायला ३ किलोहर्ट्झ पुरतात; जुन्या पद्धतीच्या चित्राला १५-२० मेगाहर्ट्झ लागतात, म्हणजे साठातला जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्यालाच! डिजिटल चित्र बरेच कमी जागेत मावते, पण त्यासाठी यंत्रे बदलावी लागतात आणि हौशी माणसाचा खिसा तो केवढा.

पुढची परिषद २०२७ मध्ये आहे. महापुरात हॅम लागतात, हे जिल्हा प्रशासनाने त्याआधी केंद्राच्या वायरलेस विभागाला लेखी कळवावे. आणि पूर आल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा मे महिन्यातला एक रविवार सरावाला द्यावा. बॅटऱ्या आम्ही आणू.

– एक परवानाधारक हॅम, मिरज